संशोधनाचा अनुशेष

भारतात मूलभूत विज्ञानावरचा सरकारी पैसा मुख्यतः दिल्लीतून निघतो आणि बंगळुरू, मुंबई, पुणे, हैदराबाद, कोलकाता व दिल्ली अशा मोजक्या शहरांत पोचतो. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन आणि विकासावरचा एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होता, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के. त्यात केंद्र सरकारचा वाटा जवळजवळ ४४ टक्के, तर सगळ्या राज्य सरकारांचा मिळून जेमतेम ६.७ टक्के. राज्यांच्या वाट्यातला मोठा भाग शेतीच्या संशोधनावर खर्च होतो. तो खर्च गरजेचाच आहे. पण मूलकण, प्रथिनांची रचना किंवा शुद्ध गणित यांच्यासाठी राज्यांच्या अंदाजपत्रकात फारसे काही उरत नाही. त्यामुळे मूलभूत संशोधन कुठे होते आणि कुठे होत नाही, हे केंद्राच्या निर्णयांवर ठरते.

सुरुवात मात्र सरकारने केलेली नाही. कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभी केली. रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये तिथेच लागला. जमशेटजी टाटांच्या देणगीला म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७१ एकर जमीन आणि वार्षिक अनुदानाची जोड दिली, म्हणून भारतीय विज्ञान संस्था बंगळुरूला गेली. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये सुरू झाली तीही बंगळुरूतच. पण तत्कालीन मुंबई सरकारने सहसंस्थापक होण्याची तयारी दाखवली आणि त्याच वर्षी ती मुंबईत आली. तमिळनाडूतल्या कारैकुडीसारख्या लहान गावाला १९५३ मध्ये विद्युत-रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा मिळाली, कारण अळगप्पा चेट्टियार यांनी जमीन आणि पंधरा लाख रुपये देऊ केले.

जिथे असा दाता किंवा दरबार पाठीशी नव्हता, तो प्रदेश मागे राहिला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याने निजामिया वेधशाळा चालवली आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभारले, पण दोन्ही हैदराबादेत. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, नागपूरची १९२३ ची. या शंभर वर्षांच्या अंतराची भरपाई पुढच्या कोणत्याही योजनेने केलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने देशभर प्रयोगशाळांची साखळी उभारली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये. या साखळीने विज्ञान काही प्रमाणात पसरवले, हे मान्य करायलाच हवे; जोरहाट, पालमपूर, भावनगर ही नावे तिच्यात आहेत. तरीही एकट्या लखनौत परिषदेच्या चार प्रयोगशाळा आहेत, हैदराबादेत तीन, आणि २००० साली झारखंड वेगळे झाल्यावर जमशेदपूर व धनबाद तिकडे गेल्याने बिहारमध्ये एकही उरली नाही.

काही ठिकाणे निसर्गानेच ठरवलेली असतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, कारण तिथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. पण ती चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात आहे. उपकरण खेड्यात आणि संस्था शहरात, ही विभागणी पुढेही दिसते. संशोधक, विद्यार्थी, ग्रंथालय आणि कार्यशाळा जिथे असतात तिथेच पुढचे अनुदान येते.

यामागे एक जुना वादही आहे. अणुसंशोधन विद्यापीठांपासून वेगळ्या संस्थांत एकवटण्याच्या भाभांच्या भूमिकेला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा विरोध होता. १९५२ मध्ये ते कोलकात्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५४ च्या अणुऊर्जेवरील चर्चेत त्यांनी विद्यापीठांचा पाया भक्कम करण्याची बाजू मांडली. धोरण भाभांच्या बाजूने गेले. भाभांच्या संस्थेने जागतिक दर्जाचे काम केले यात शंका नाही, पण साहांची भीतीही खरी ठरली. संशोधन केंद्राच्या संस्थांकडे आणि अध्यापन राज्यांच्या विद्यापीठांकडे, अशी फाळणी झाली. देशातले बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. म्हणूनच प्रदेशाप्रदेशांतली तफावत ही बऱ्याच अंशी संस्थांच्या दोन जातींमधली तफावत आहे. ज्या जिल्ह्यात फक्त राज्य विद्यापीठ आहे, तिथे दुसरी जात पोचलेलीच नाही.

सरकारी पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट संस्थात्मक अनुदानाची: केंद्रीय संस्थेचे पगार, इमारती, वीज आणि उपकरणांची देखभाल दरवर्षी अंदाजपत्रकातून होते. दुसरी प्रकल्प अनुदानाची: संशोधक प्रस्ताव पाठवतो, तज्ज्ञांची समिती तो तपासते, आणि साधारण तीन वर्षांसाठी पैसे मंजूर होतात. दुसरी वाट सर्वांना खुली आणि गुणवत्तेवर आधारलेली असते. मात्र प्रस्तावाचे वजन आधीच्या शोधनिबंधांवर आणि हाताशी असलेल्या साधनांवर ठरते, आणि ती दोन्ही पहिल्या वाटेने मिळालेली असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवावे लागते. केंद्रीय संस्थेतल्या संशोधकावर एवढा भार नसतो. त्यात राज्य विद्यापीठांत वर्षानुवर्षे न भरलेल्या जागा. एकाच विभागातल्या दोनतीन माणसांनी सगळे तास, परीक्षा आणि नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे सांभाळून संशोधन करावे, अशी अपेक्षा तिथे असते. तरीही ते करणारी माणसे आहेत, आणि त्यांची नोंद कोणत्याही क्रमवारीत नीट होत नाही.

रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राचे उदाहरण पाहिले की अडचण नेमकी कळते. त्याचा अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये बुडालेला असतो आणि त्याभोवती द्रवरूप नायट्रोजन असतो. नायट्रोजन दर काही दिवसांनी भरावा लागतो, हेलियम दर काही महिन्यांनी. हेलियम भारतात जवळजवळ सगळा आयात होतो. पातळी घसरली तर चुंबकाचे अतिवाहकत्व जाते आणि उरलासुरला हेलियम काही मिनिटांत उडून जातो. पुण्यात किंवा बंगळुरूत पुरवठादार आणि अभियंता हाकेच्या अंतरावर असतात. आडवळणाच्या विद्यापीठात टाकी येण्याचाच खर्च मोठा, आणि प्रकल्प तीन वर्षांनी संपला की हेलियमचे पैसे कोणी द्यायचे याला उत्तर नसते. केंद्राने यंत्र दिलेले असते, राज्याने देखभालीची तरतूद केलेली नसते. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्राला अडकला की संशोधक विद्यार्थ्याची पाठ्यवृत्तीही थांबते, आणि असा विद्यार्थी मोठ्या शहराची वाट धरतो.

अमेरिकेत हाच प्रश्न १९४० च्या दशकात उघडपणे चर्चिला गेला. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर हार्ली किलगोर यांना संशोधननिधीचा काही भाग भौगोलिक निकषावर वाटायचा होता. युद्धकाळातल्या सरकारी संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हार बुश यांचा आग्रह होता की पैसा उत्तम शास्त्रज्ञांकडे जावा, ते कुठेही असोत. १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा कायदा झाला, त्यात निधीचे अनाठायी केंद्रीकरण टाळावे असे कलम आले. तरी पैसा थोड्या राज्यांतच जात राहिला. म्हणून १९७९ मध्ये मागे पडलेल्या राज्यांसाठी ‘एप्सकोर’ ही वेगळी योजना सुरू झाली. पहिल्या पाच राज्यांत किलगोर यांचे वेस्ट व्हर्जिनियाही होते. आज सुमारे निम्मी राज्ये या योजनेला पात्र आहेत. २०२२ च्या कायद्याने प्रतिष्ठानाच्या निधीतला त्यांचा वाटा २०२९ पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचे बंधन घातले. चार दशकांनंतरही हे बंधन घालावे लागले, यावरून केंद्रीकरणाची ओढ किती चिवट असते हे कळते. पण पात्रता आकड्यांवर ठरते आणि प्रगतीही आकड्यांत मोजली जाते, ही त्या योजनेची खरी ताकद.

भारतातले उपाय विखुरलेले आहेत. ईशान्य भारतासाठी केंद्रीय मंत्रालयांनी निधीचा दहा टक्के भाग राखून ठेवण्याचा दंडक आहे. गुवाहाटीत आसाम विज्ञान सोसायटीने १९७९ मध्ये सुरू केलेली संशोधन संस्था २००९ मध्ये केंद्राने आपल्याकडे घेतली. स्थानिक लोकांनी सुरू केलेल्या कामाला केंद्राचा स्थिर पैसा मिळाल्याचे हे चांगले उदाहरण. विज्ञान शिक्षण आणि संशोधनासाठीच्या आयसर संस्था २००६ पासून पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर येथे निघाल्या. सर्वांत विचारपूर्वक केलेला उपाय पुण्याचा ‘आयुका’. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली हे आंतरविद्यापीठीय केंद्र काढले. लहान गावांतल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक तिथे सहयोगी म्हणून नियमित येतात, संगणक आणि विदा वापरतात आणि आपल्या गावी परत जाऊन काम करतात. खगोलशास्त्रात हे जमले. रसायन किंवा जीवशास्त्रात, जिथे साधने जागेवरच लागतात, तिथे ते इतके सोपे नाही.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट, त्यातले १४ हजार कोटी केंद्राचे, बाकीचे उद्योग आणि अन्य स्रोतांतून यायचे. नामांकित संस्थेभोवती काही विद्यापीठे जोडण्याची योजना प्रतिष्ठानाने आखली आहे. मात्र खासगी पैसा जिथे उद्योग आहे तिकडेच झुकतो. म्हणून समतोल राखण्याची जबाबदारी त्या १४ हजार कोटींवर येते.

प्रादेशिक असमतोल मोजण्याचा महाराष्ट्राचा अनुभव मोठा आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, वीज, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांचा जिल्हावार अनुशेष काढला. तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरला. संशोधन हे त्या क्षेत्रांत नव्हते. पुढे १९९४ मध्ये विकास मंडळे आली आणि विदर्भ-मराठवाड्यातली चर्चा पाटबंधारे, रस्ते आणि नोकऱ्यांभोवती फिरत राहिली. पिण्याच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या प्रदेशात ते समजण्यासारखे आहे. नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीची आणि कापसाची राष्ट्रीय संस्था आहे, परभणीत कृषी विद्यापीठ. ही सारी मोलाची, पण उपयोजित विज्ञानाची केंद्रे. मूलभूत विज्ञानाच्या मोठ्या केंद्रीय संस्था मुंबई-पुणे पट्ट्यातच राहिल्या. राज्याचे सरासरी आकडे त्यामुळे भरभक्कम दिसतात आणि आतली दरी झाकली जाते.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाने हे चित्र थोडे बदलू शकते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्यात मूलभूत भौतिकशास्त्राचा एवढा मोठा प्रकल्प यापूर्वी आला नव्हता. जागा निवडताना जमिनीची शांतता महत्त्वाची होती, आणि प्रकल्पाची धुरा पुणे, इंदूर, गांधीनगर आणि मुंबईच्या संस्थांकडे आहे. खोडदला जे झाले तेच औंढ्याला होण्याचा धोका म्हणूनच खरा आहे. तो टाळण्यासाठी नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतले भौतिकशास्त्र विभाग पूर्ण मनुष्यबळाने चालले पाहिजेत, प्रकाशशास्त्र, निर्वात तंत्र आणि विदा-विश्लेषण तिथे शिकवले गेले पाहिजे. वेधशाळा कार्यान्वित व्हायला अजून काही वर्षे आहेत; पदे भरणे आणि अभ्यासक्रम उभे करणे राज्य सरकार आजच सुरू करू शकते, आणि त्यासाठी लागणारी रक्कम प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ आहे.