वकिलातीची वाट कोणासाठी?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा निकाल जाहीर झाला, की महाराष्ट्रात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. तालुक्याच्या गावी मिरवणुका निघतात, शाळा-महाविद्यालयांत यशस्वी उमेदवारांची भाषणे होतात आणि प्रत्येक उमेदवाराला, त्याला कोणतीही सेवा मिळालेली असो, गाव 'कलेक्टर' याच नावाने ओळखू लागते. ज्याच्या वाट्याला परराष्ट्र सेवा आली आहे, त्याची मात्र थोडी पंचाईत होते. आपण कोणत्याही जिल्ह्याचे अधिकारी होणार नाही, आपल्या दारात लाल दिव्याच्या आठवणी जागवणारी गाडी उभी राहणार नाही, हे त्याला नातेवाइकांना समजावून सांगावे लागते. 'म्हणजे परदेशात राहणार ना?' या प्रश्नावर संभाषण संपते. परराष्ट्र सेवेविषयी आपल्याकडे असलेल्या समजुतीचा सारांश या एका प्रश्नात सापडतो.

वास्तविक मराठी माणसाला हा व्यवसाय अपरिचित असण्याचे कारण नाही. आज आपण न्यायालयात बाजू मांडणाऱ्याला वकील म्हणतो. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारी राहणारा आपल्या राज्याचा प्रतिनिधी. दिल्लीच्या दरबारी हिंगणे घराण्याने पेशव्यांची वकिली केली, तर निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे यांनी. दरबारातील हालचाली, सैन्याची स्थिती, कोणाचे कोणाशी सूत जमते आणि कोठे बिनसते, याचा साक्षेपाने वृत्तांत पाठविणारी त्यांची पत्रे आज इतिहासाची अस्सल साधने म्हणून अभ्यासली जातात. 'वकिलात' हा शब्द त्याच परंपरेतून आला. दुसऱ्याच्या घरी राहून आपल्या घराचे हित सांभाळणे, हा या व्यवसायाचा गाभा तेव्हाही होता आणि आजही आहे.

स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेची स्थापना करण्याचा निर्णय ९ ऑक्टोबर १९४६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी झाला. पहिल्या पिढीत नाना प्रकारची माणसे या कामावर आली. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांना १९४८ साली पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठविण्यात आले. पुढे परराष्ट्र सचिव झालेले राम साठे हे त्याच सुमारास काश्गर येथे भारताचे वाणिज्यदूत होते. स्पर्धा परीक्षेतून निवडलेले अधिकारी १९४८ पासून येऊ लागले आणि त्यानंतरची दोन दशके गुणवत्ता यादीतील अग्रणी उमेदवार परराष्ट्र सेवेलाच पहिली पसंती देत असत. आज चित्र पालटले आहे. यादीच्या शिरोभागी असलेले बहुसंख्य उमेदवार प्रशासन सेवा मागतात.

हा बदल का झाला, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या अगदी प्राथमिक नियमात आहे. जी वस्तू दुर्मीळ तिचे मोल अधिक. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात परदेशप्रवास ही सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. प्रवाशाला हातावर मोजके डॉलर मिळत, आणि १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने तर हे निर्बंध अधिकच आवळले. अशा काळात ज्या नोकरीत परदेशी राहण्याची संधी सरकारच देते, तिला मोठे मोल होते. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, १९९९ साली जुन्या कायद्याची जागा सौम्य कायद्याने घेतली, आणि पुण्याच्या संगणक कंपनीतील तरुण वयाच्या पंचविशीत दोन-तीन देश पाहून येऊ लागला. 'परराष्ट्र' या शब्दाचे दुर्मिळतेतून आलेले मोल ओसरले. उरली ती 'सेवा'. ज्याला केवळ परदेश हवा आहे, त्याला आज त्याहून सोपे आणि कमी खर्चाचे मार्ग उपलब्ध आहेत. या वाटेला जाण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच प्रथम हे विचारले पाहिजे, की ही सेवा म्हणजे नेमके काम कोणते?

मेजवान्या आणि हस्तांदोलने एवढ्यापुरतेच हे काम असते, तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणास्तव भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा ऐन हंगामात रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला तिची झळ लागली. २०१५ च्या आरंभी ती बंदी उठली. त्यासाठी निर्यातीपूर्वीच्या तपासणीची व्यवस्था सुधारावी लागली आणि ती सुधारली आहे हे समोरच्या पक्षाला पटवूनही द्यावे लागले. तपासणी सुधारणे हे कृषी खात्याचे काम. ते पटवून देण्याच्या कामात वकिलातीचा वाटा असतो. २०२२ साली संयुक्त अरब अमिरातीशी आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेले व्यापार करार हे अशाच शेकडो बारीक कलमांचे गाठोडे आहे. अशा करारांची मुख्य जबाबदारी वाणिज्य मंत्रालयाकडे असली, तरी त्या त्या देशाची नाडी ओळखून वाटाघाटींना दिशा देण्याचे काम परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांना करावे लागते. एखाद्या कलमातील एका शब्दाने कापडगिरणी कामगाराच्या किंवा द्राक्ष बागायतदाराच्या उत्पन्नात फरक पडू शकतो.

दुसरे काम याहून कमी दिसणारे आणि अधिक कष्टाचे. आखाती सहकार परिषदेच्या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांत गवंडी, सुतार, वाहनचालक, परिचारिका आहेत. मालकाने पारपत्र अडकवून ठेवले, पगार थकविला, अपघातात मृत्यू आला, तर त्या माणसाला किंवा त्याच्या कुटुंबाला एकच दार ठाऊक असते, ते म्हणजे भारतीय वकिलातीचे. परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेली रक्कम २०२२ साली १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. या रकमेमागे उभ्या असलेल्या श्रमिकाची कागदपत्रे नीट करून देणे हीही मुत्सद्देगिरीच होय. १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणण्यात आले. २०२२ साली युक्रेनमधून वीस हजारांहून अधिक भारतीयांना, मुख्यत: वैद्यकीय विद्यार्थ्यांना सोडवून आणले गेले. अशा वेळी सीमेवर रात्रंदिवस उभे राहून याद्या करणारा, बसगाड्या मिळविणारा आणि शेजारच्या देशाच्या अधिकाऱ्याला त्याच्या भाषेत विनविणारा माणूस याच सेवेतील असतो.

हे सर्व काम किती जण करतात? संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने २०२३ साली दिलेल्या माहितीनुसार परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या होती १,०११. जगभरच्या सुमारे २०० वकिलाती व वाणिज्य दूतावास आणि दिल्लीतील मंत्रालयाचे पन्नासहून अधिक विभाग यांचा भार या एवढ्या मनुष्यबळावर आहे. त्या वर्षी परराष्ट्र मंत्रालयासाठी केलेली तरतूद सुमारे १८,००० कोटी रुपयांची, म्हणजे एकूण अर्थसंकल्पाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. आणि त्यातील मोठा भाग शेजारी देशांना द्यावयाच्या साहाय्याचा असतो. दीडशे कोटींच्या घरातील लोकसंख्येच्या देशाने जगाशी बोलण्यासाठी हजारभर माणसे ठेवावीत, ही काटकसर म्हणावी की दुर्लक्ष, याचा विचार राज्यकर्त्यांनी करावयाचा आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ इतकाच, की या सेवेत आलेल्या तरुण अधिकाऱ्यावर फार लवकर आणि फार मोठी जबाबदारी पडते.

ही सेवा इंग्रजी वळणाच्या, उच्चभ्रू शाळांतून आलेल्यांसाठीच आहे, हा समज अजूनही अनेक महाविद्यालयांत घर करून आहे. एके काळी त्यात तथ्य होते. डॉ. दौलतसिंह कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून परीक्षेची नवी पद्धत सुरू झाली आणि मुख्य परीक्षेची उत्तरे घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांतून लिहिण्याची मुभा मिळाली. आज उमेदवाराला मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, मुलाखतही मराठीतून देता येते; इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत केवळ उत्तीर्ण होणे आवश्यक असते. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली या सेवेत दाखल झाले आणि मालदीवमध्ये उच्चायुक्त, न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत अशा पदांपर्यंत पोहोचले. विजय गोखले यांनी चीनच्या अभ्यासात आयुष्य घालविले आणि २०१८ ते २०२० या काळात ते परराष्ट्र सचिव होते. तेव्हा दार बंद आहे, ही तक्रार आता टिकणारी नाही.

मात्र दार उघडे असणे वेगळे आणि त्यातून आत जाता येणे वेगळे. २०२३ च्या परीक्षेसाठी १० लाख १६ हजारांहून अधिक अर्ज आले. प्रत्यक्ष परीक्षेस सुमारे ५ लाख ९२ हजार बसले. शिफारस झाली १,०१६ जणांची, आणि परराष्ट्र सेवेच्या जागा होत्या ३७. प्रत्यक्ष परीक्षेस बसलेल्या सुमारे १६ हजारांमागे एक, असे हे प्रमाण पडते. पुढच्या वर्षी जागा ५५ झाल्या, तरी या गणितात मोठा फरक पडत नाही. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला बत्तीस वर्षे वयापर्यंत सहा वेळा प्रयत्न करता येतो. ही सवलत वाटते. पण तिची किंमतही आहे. एखादी गोष्ट मिळविण्यासाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, तोच तिचा खरा खर्च, असे अर्थशास्त्र सांगते. पुण्यात खोली घेऊन, घरच्या शेतीच्या उत्पन्नावर किंवा वडिलांच्या निवृत्तिवेतनावर पाच-सहा वर्षे अभ्यास करणाऱ्या तरुणाचा खर्च म्हणजे केवळ शिकवणीचे शुल्क आणि खानावळीचे बिल नव्हे; त्या काळात न मिळविलेले वेतन, न शिकलेले कौशल्य आणि कधी कधी धाकट्या बहिणीचे थांबलेले शिक्षण, हे सारे त्या हिशेबात धरावे लागते. म्हणून किती प्रयत्न करावयाचे याची मर्यादा पहिल्या प्रयत्नापूर्वीच ठरविणे, आणि अपयश आले तरी उपयोगी पडेल असाच अभ्यास करणे, हे शहाणपणाचे. परराष्ट्र मंत्रालयात शिरण्याचा आणखीही एक मार्ग आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून तेथे सहायक कक्ष अधिकारी निवडले जातात. त्यांनाही परदेशातील वकिलातींत नेमणुका मिळतात आणि बढतीने वरची पदेही गाठता येतात. या मार्गाची माहिती आपल्या महाविद्यालयांत फारशी दिली जात नाही.

निवड झाली म्हणजे शिक्षण संपले, असे नाही. मसुरीच्या अकादमीतील पायाभूत अभ्यासक्रम, दिल्लीच्या परराष्ट्र सेवा संस्थेतील प्रशिक्षण आणि त्यानंतर एक परकीय भाषा असा क्रम असतो. चिनी, अरबी, रशियन, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश यांसारखी एखादी भाषा वाट्याला येते आणि ती जेथे बोलली जाते अशा देशात तृतीय सचिव म्हणून राहून ती आत्मसात करून परीक्षा द्यावी लागते. पंचविशी-तिशीच्या वयात पुन्हा बाराखडीपासून आरंभ करण्याची तयारी ज्याच्याजवळ नाही, त्याला ही सेवा जड जाईल.

पुढील आयुष्याचा हिशेबही मोकळेपणाने मांडला पाहिजे. दर तीन वर्षांच्या सुमारास देश बदलतो. मुलांच्या शाळा बदलतात, जोडीदाराच्या नोकरीची ओढाताण होते, आईवडिलांच्या आजारपणात हजारो मैलांचे अंतर आड येते. सगळ्याच नेमणुका पॅरिस-लंडनच्या नसतात; युद्धाच्या छायेतील शहरांतही वकिलाती असतात. पुण्यातील म्हात्रे पुलावरून रोज हजारो लोक जातात. तो पूल ज्यांच्या नावाचा आहे, त्या रवींद्र म्हात्रे यांचे फेब्रुवारी १९८४ मध्ये बर्मिंगहॅम येथे भारतीय कार्यालयात सेवेत असताना अपहरण करून खून करण्यात आला, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? जुलै २००८ मध्ये काबूलच्या वकिलातीवरील हल्ल्यात व्ही. वेंकटेश्वर राव या अधिकाऱ्याला प्राण गमवावे लागले.

स्त्रियांनी तर या सेवेत आणखी एक लढाई लढली आहे. १९४९ साली दाखल झालेल्या सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी. त्या काळच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात बाधा येते असे शासनास वाटल्यास तिने राजीनामा द्यावा, असे बंधन होते. पुरुषांना ते नव्हते. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील विषमतेवर कडक ताशेरे ओढले आणि पुढे ते नियम गेले. २००१ साली चोकिला अय्यर पहिल्या स्त्री परराष्ट्र सचिव झाल्या. आज आपल्या मुलीने या वाटेने जावे की नाही, याचा विचार करणाऱ्या पालकांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

या साऱ्यात महाविद्यालयांचे कर्तव्य काय? सत्कार-समारंभ भरविणे सोपे आहे. ग्रंथालयात जागतिक व्यापारावरील चार बरी पुस्तके ठेवणे, व्यापार करारांवर विद्यार्थ्यांत चर्चा घडविणे, एखाद्या परकीय भाषेचा वर्ग अल्प शुल्कात चालविणे, ही कामे तितकीशी अवघड नाहीत, पण ती क्वचितच होतात. अर्थशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सिद्धान्त पाठ असतात. परंतु आपल्याच तालुक्यातून निघणारी द्राक्षे कोणत्या देशाच्या कोणत्या अटीमुळे अडतात, हे त्यांना सांगता येत नाही. परराष्ट्र सेवेला आज गरज आहे ती हा दुवा जोडू शकणाऱ्या तरुणांची. ज्याने बाजार समितीतला लिलाव पाहिला आहे, गावातून आखातात गेलेल्या कुटुंबाची परवड जवळून अनुभवली आहे आणि जो कराराचे कलमही नीट वाचू शकतो, असा माणूस वाटाघाटीच्या मेजावर बसला, तर देशाची बाजू अधिक भक्कम होईल.

बहुतेकांना ही सेवा मिळणार नाही, हे आकड्यांनीच सांगितले आहे. तरीही तिच्यासाठी केलेली तयारी, म्हणजे एक भाषा, जगाच्या व्यापाराचे ज्ञान आणि आपल्या मातीची जाण, निर्यातीच्या कचेरीत, वृत्तपत्रात, अध्यापनात वा सहकारी संस्थेत वाया जात नाही. वर्षे मोजून, किंमत ओळखून आणि काम समजून घेऊन जो विद्यार्थी या वाटेने निघेल, त्याच्या पाठीशी त्याच्या शिक्षकांनी उभे राहावे. जो केवळ परदेशाच्या ओढीने निघाला असेल, त्याला वेळीच दुसरी वाट दाखविणे हेही शिक्षकांचेच काम आहे.