विहीर मालकाची, पाणी कोणाचे?
खासगी विहिरी आणि लहान पाणीपुरवठ्यांवरील स्थानिक नियंत्रणाचा गुंता

भारतात जमिनीच्या पोटातून पाणी उपसणारी सर्वांत मोठी यंत्रणा कोणत्याही सरकारी खात्याची नाही. ती शेतकऱ्यांच्या, घरमालकांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या मालकीच्या विहिरींची व कूपनलिकांची आहे. २०१७-१८ हे संदर्भ वर्ष धरून झालेल्या सहाव्या लघुसिंचन गणनेनुसार देशातील सुमारे २ कोटी ३१ लाख लघुसिंचन योजनांपैकी २ कोटी १९ लाख योजना भूजलावर चालतात. खोदलेल्या विहिरींच्या संख्येत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागतो. ही मोजदाद केवळ सिंचनाची आहे. परसातील आड, वाड्यातील विहीर, सोसायटीच्या आवारातील बोअर आणि त्यावर भरणारे टँकर तीत येत नाहीत. एवढ्या मोठ्या पसाऱ्यावर देखरेख कोणी करायची, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात अनेकदा सुटलेला दिसतो. विहिरीच्या काठावर मात्र तो बहुतेक ठिकाणी तसाच आहे.

या गुंत्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८४३ साली इंग्लंडमध्ये ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल हा खटला निकाली निघाला. शेजारच्या खाणीमुळे एका गिरणीची विहीर आटली होती. तरीही न्यायालयाने खाणमालकाला दोषी धरले नाही. जमिनीखाली पाणी कसे वाहते हे त्या काळी नीट उमगले नव्हते, म्हणून जो जमिनीचा मालक तोच तिच्या खालील पाण्याचा धनी, असा सोपा नियम रूढ झाला. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात तोच विचार उतरला. ठरावीक प्रवाहात न वाहणारे भूजल आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा जमीनमालकाचा अधिकार या कायद्याच्या सातव्या कलमातील दृष्टान्तात मान्य केलेला आहे. पंपाऐवजी मोट चालत होती, तोवर या नियमाने फारसे कोणाचे बिघडले नाही. बैलजोडीने दिवसभरात जेवढे पाणी निघे, तेवढे बहुधा रात्रीत पुन्हा भरत असे.

विजेचा पंप आणि खडक फोडणारे बोअर यंत्र आल्यावर हे गणित पालटले. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी वाळूत मुरते तसे सर्वत्र साठत नाही; ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत अडून राहते. त्यामुळे एकाने दोनशे फूट खोल बोअर मारले की शेजारच्या चाळीस फुटी विहिरीचे झरे महिन्याभरात मंदावू शकतात. शेजाऱ्याच्या हद्दीत कोणी पाऊलही टाकलेले नसते, आणि पाणी मात्र गेलेले असते. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा या घटनेला अन्यायच मानत नाही.

राज्यघटनेने पाणी हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला. केंद्र सरकारने १९७० पासून वेळोवेळी भूजलविषयक आदर्श विधेयके राज्यांकडे पाठवली, परंतु बंधनकारक कायदा केला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. घरगुती वापर, ग्रामीण पाणीपुरवठा योजना, शेती आणि दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी पाणी घेणारे सूक्ष्म व लघु उद्योग यांना ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट आहे. देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के पाणी शेतीला जाते. म्हणजे सर्वांत मोठा वापर केंद्राच्या परवानगीच्या चौकटीबाहेर राहतो. ही सूट अव्यवहार्य म्हणता येत नाही, कारण दिल्लीत बसून कोट्यवधी विहिरींचे अर्ज तपासणे कोणालाच शक्य नाही. पण मग ते काम तालुक्याने, गावाने करायचे, हे ओघानेच येते. आणि तेथे यंत्रणा सर्वांत दुबळी आहे.

राज्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीविना विहीर घेण्यास मनाई केली. आंध्र प्रदेशाच्या २००२ च्या जल, भूमी व वृक्ष कायद्यात, जो पुढे तेलंगणातही लागू राहिला, हे अंतर अडीचशे मीटर आहे. गोव्याने २००२ मध्येच स्वतंत्र भूजल नियमन कायदा करून विहिरींची नोंदणी आवश्यक ठरवली. कर्नाटकाचा कायदा २०११ चा, उत्तर प्रदेशाचा २०१९ चा. बेळगाव, हैदराबाद किंवा पणजी येथे घर बांधणाऱ्या मराठी कुटुंबाला म्हणूनच पुण्यातील नातेवाइकाचा सल्ला बोअरच्या बाबतीत उपयोगी पडेलच असे नाही. नियमांची चौकशी त्या त्या राज्याच्या भूजल विभागाकडे आणि स्थानिक पालिकेकडे करावी लागते.

महाराष्ट्राने पुढे २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम केला. तो १ जून २०१४ पासून अमलात आला. कागदावर हा देशातील पुढारलेल्या कायद्यांपैकी एक आहे. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहिरी शेती किंवा उद्योगासाठी घेण्यास त्यात मनाई आहे, आधीच्या खोल विहिरींवर उपकराची तरतूद आहे, विहिरींची तसेच बोअर यंत्रांच्या मालकांची नोंदणी आहे आणि पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर समित्या आहेत. राज्यस्तरीय प्राधिकरणाची जबाबदारी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आहे. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध व्हायला मात्र २०१८ साल उजाडले. मसुदा येताच शेतकऱ्यांच्या मनात भीती उभी राहिली, ती उपकराची आणि खोलीच्या मर्यादेची. ती निराधार म्हणता येणार नाही. पाच वेळा बोअर मारून सहाव्यांदा पाणी लागलेल्या माणसाला साठ मीटरची रेषा अन्यायाचीच वाटणार. दुसरीकडे, त्याच शिवारात गावाची पेयजल विहीर मार्चमध्येच कोरडी पडते आणि टँकर सुरू होतो, हेही तितकेच खरे.

एवढा वेळ चर्चा उपशाची झाली. पाण्याच्या गुणवत्तेबाबत खासगी विहिरीची स्थिती याहून मोकळी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत, फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे. परंतु आपल्या घरच्या विहिरीचे पाणी दरवर्षी तपासून घेण्याची सक्ती सर्वसामान्य मालकावर नाही. सार्वजनिक स्रोतांसाठी जल जीवन मिशनमध्ये वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी अपेक्षित आहे, आणि प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, तर आरोग्य विभाग स्रोतांचे सर्वेक्षण करून जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. खेड्यातील कोणालाही कळेल अशी ही पद्धत आहे आणि तिची वाखाणणी व्हायला हवी. मात्र कार्ड ग्रामपंचायतीला मिळते. शेतातल्या ज्या विहिरीचे पाणी चार घरे पितात, ती या पाहणीतून सुटून जाऊ शकते.

यातला धोका २०२५ च्या जानेवारीत पुण्याने अनुभवला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले. हा मज्जातंतूंचा विकार आहे. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतील बळ जाते. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोविषाणू आढळले. दूषित पाण्याकडे संशय वळला आणि नांदेड गावची मोठी विहीर चर्चेत आली. हा भाग २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी. लोकवस्ती शहराची, पाणीपुरवठ्याची घडी मात्र अजून गावाची, अशी त्याची अवस्था होती.

त्या वेळी महापालिकेने केवळ आपल्या विहिरीकडे पाहिले नाही. परिसरातील खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने घेण्यात आले आणि फेब्रुवारीत सुमारे तीस खासगी पाणी प्रकल्प बंद करण्यात आले. काहींकडे परवानगी नव्हती, काहींच्या पाण्यात ई. कोलाय होते, काही ठिकाणी निर्जंतुकीकरणच होत नव्हते. नळाच्या पाण्यावर विश्वास नाही म्हणून लोक ज्या पाण्यासाठी पैसे मोजत होते, तेच पाणी तपासणीत नापास झाले. अशा प्रकल्पांवर नेमका अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. सीलबंद बाटलीतील पाणी अन्नसुरक्षा कायद्याखाली येते. उघड्या तोंडाच्या वीस लिटरच्या थंड जारमधील पाणी 'पॅकबंद' या व्याख्येत बसत नाही. अन्न विभाग ते पालिकेकडे ढकलतो, पालिका भूजल विभागाकडे बोट दाखवते, आणि कूपनलिका तर खासगी जागेत असते. लग्नाच्या मांडवापासून कचेरीपर्यंत पोहोचलेला हा जार कायद्याच्या दृष्टीने दीर्घकाळ बेवारसच राहिला.

स्थानिक संस्थेने अधिकार वापरायचे ठरवले तर ती कुठवर जाऊ शकते, याची कसोटी केरळमधील प्लाचीमडा येथे लागली. पालक्काड जिल्ह्यातील पेरुमाट्टी पंचायतीने २००३ मध्ये कोका-कोलाच्या प्रकल्पाचा परवाना नूतनीकरण करण्यास नकार दिला. उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भूजल ही सार्वजनिक विश्वस्त संपत्ती असल्याचे सांगून जमीनमालकीच्या जुन्या सिद्धान्ताला छेद दिला. २००५ मध्ये खंडपीठाने तो दृष्टिकोन बाजूला सारून दररोज पाच लाख लिटरपर्यंत उपशाला मुभा दिली. प्रकल्प मात्र मार्च २००४ पासून बंद राहिला तो राहिलाच. पंचायत कायद्याच्या मुद्द्यावर मागे पडली आणि प्रत्यक्षात मात्र तिचेच झाले, असा हा विलक्षण निकाल आहे.

महाराष्ट्रातील हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि दरवर्षीच्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची, हे तेथील ग्रामसभेने ठरवले व पाळले. त्या ठरावांच्या पाठीशी कायद्याच्या दंडापेक्षा गावाची भीड अधिक होती. म्हणूनच तो नमुना आदेश काढून दुसऱ्या गावात नेता येत नाही.

एका बाबतीत तरी देशभर एकच नियम आहे. उघड्या कूपनलिकांत मुले पडून होणाऱ्या मृत्यूंची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले. बोअर घेण्याआधी किमान पंधरा दिवस जिल्हाधिकारी, सरपंच किंवा संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवणे, नोंदणीकृत यंत्रचालकाकडूनच काम करून घेणे, भोवती कुंपण व फलक लावणे, तोंडाशी सिमेंटचा चौथरा बांधून झाकण बसवणे आणि निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून काढणे हे त्यांतील मुख्य भाग आहेत. खेड्यात याची देखरेख सरपंच व कृषी विभागाच्या अधिकाऱ्याकडे, तर शहरात कनिष्ठ अभियंता व भूजल, आरोग्य किंवा पालिका विभागाच्या अधिकाऱ्याकडे सोपवलेली आहे. आपल्या शिवारात सोडून दिलेले बोअर दिसल्यास त्याची लेखी माहिती ग्रामपंचायतीला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कोणीही देऊ शकतो.