काळ्या बॅगेचा माणूस

मंडळी, काही तारखा अशा असतात की त्या नुसत्या उच्चारल्या की समोरचा माणूस आपण होऊन सांगू लागतो, “मी तेव्हा अमुक ठिकाणी होतो.” १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८. मुंबईकराला यातली कुठलीही तारीख सांगून पाहा. तो कुठे उभा होता, कुणाचा फोन आला, घरी किती वाजता पोहोचला, हे सगळं काल घडल्यासारखं सांगेल. मीही सांगतो. आज मात्र आठवण सांगता सांगता आठवणीचीच थोडी झडती घ्यायची आहे.

११ जुलै २००६ चा मंगळवार. मी चर्चगेटजवळच्या एका कचेरीत नोकरीला होतो आणि पार्ल्याला राहत होतो. नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या लोकलच्या सेकंड क्लासमध्ये शिरलो. दादर गेलं, माहीम आलं आणि एक आवाज झाला. तो कानांपेक्षा छातीला जास्त जाणवला. फर्स्ट क्लासचा डबा आमच्यापासून पुढे होता. आम्ही रुळांवर उड्या मारल्या. पुढे जे दिसलं त्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना त्याची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी ते ऐकून काय मिळवायचं? रुळांलगतच्या वस्तीतल्या बायका घरातल्या चादरी घेऊन धावत आल्या. त्या चादरींच्याच झोळ्या करून लोकांनी जखमींना रस्त्यापर्यंत नेलं. एका झोळीचं एक टोक माझ्या हातात होतं. मोबाइल लागत नव्हते. मी चालत घरी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

त्या संध्याकाळी अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये, माटुंगा रोड ते मीरा रोड या पट्ट्यात, सात स्फोट झाले. सातही फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली.

आता माझ्या आठवणीतला मुख्य भाग सांगतो. मी तो निदान पन्नास वेळा तरी सांगितला असेल. चर्चगेटला फर्स्ट क्लासमध्ये चढताना मी एक माणूस पाहिला होता. हातात काळी, जड बॅग. दादरला मी दारात उभा असताना तोच माणूस घाईघाईने उतरला आणि तेव्हा त्याचे हात मोकळे होते. त्याचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. लग्नसमारंभात, सोसायटीच्या गच्चीवर, पाहुण्यांसमोर मी हे सांगत आलो. ऐकणारे श्वास रोखून ऐकत.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातल्या सर्व बारा आरोपींची निर्दोष मुक्तता केली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. बातमी पाहताना नातवाने सरळ विचारलं, “आजोबा, तुम्ही त्या बॅगवाल्याला पाहिलं होतं ना? मग पोलिसांना का नाही सांगितलंत?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते शोधायला म्हणून माळ्यावरून जुन्या वह्यांचं गाठोडं काढलं. मला रोजचा खर्च लिहून ठेवायची सवय. कांदेबटाटे, इस्त्रीवाला, रेल्वेचा पास. त्या रात्री झोप आली नव्हती म्हणून खर्चाच्या खाली दीड पान लिहिलेलं सापडलं. त्यात चादरी होत्या, आवाज होता, चालत येणं होतं. बॅगवाला माणूस कुठेही नव्हता. उलट एक ओळ होती : “आज दारात जागा मिळाली नाही, आत दोन बाकांच्या मध्ये उभा होतो.”

मंडळी, गर्दीच्या वेळी दोन बाकांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दादरचा फलाट दिसत नाही. पुढच्या डब्यातून कोण उतरलं हे तर शक्यच नाही. अक्षर माझं, वही माझी. आणि तरीही तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा होता.

मी खोटं बोलत होतो का? नाही. मग हे झालं कसं? गेले काही महिने मी याच विषयावरचं वाचन करतो आहे.

आपली समजूत अशी की स्मरणशक्ती म्हणजे फोटोचा अल्बम. पान उघडलं की तोच फोटो. प्रत्यक्षात ती आईच्या हातच्या आमटीसारखी आहे. दरवेळी नव्याने करावी लागते आणि त्या दिवशी घरात जे असेल ते तिच्यात पडतं.

अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, “गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?” काहींना “आदळल्या” ऐवजी “धडकून चक्काचूर झाल्या” अशा अर्थाचा शब्द वापरून विचारलं. आठवड्याने सर्वांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जणांना ती “आठवली”, दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांना. प्रश्नातला एक शब्द बदलला आणि काच फुटली.

दुसरा अभ्यास याहून बोलका. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्याच दिवशी एमरी विद्यापीठातल्या उलरिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून “बातमी कळली तेव्हा मी कुठे होतो” हे लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या विद्यार्थ्यांचं उत्तर पूर्णपणे चुकलेलं होतं, पण सांगण्यात खात्री मात्र ठाम. त्यांना त्यांचंच हस्ताक्षर दाखवलं, तरी मूळ आठवण परत आली नाही. हे वाचताना मला माझी वही आठवली.

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर ड्यूक विद्यापीठातही असाच अभ्यास झाला. हल्ल्याची आठवण आणि त्याच सुमारच्या एखाद्या साध्या प्रसंगाची आठवण, दोन्ही सारख्याच वेगाने बदलत गेल्या. फरक एवढाच की साध्या प्रसंगाबद्दल माणसं पुढे म्हणाली, “नक्की सांगता येत नाही.” हल्ल्याबद्दल असं कुणी म्हणेना. म्हणजे भयंकर प्रसंग आपल्याला जास्त अचूक आठवतो असं नाही, जास्त खात्रीने आठवतो.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. घाबरलेलं मन आपलं सगळं लक्ष एका जागी गोळा करतं. माझं लक्ष त्या चादरीच्या टोकावर होतं, ते सुटू नये एवढंच. म्हणून चादरीची आठवण पक्की, वहीतही आहे. बाकीच्या जागा रिकाम्या राहतात, आणि मनाला रिकामी जागा सहन होत नाही. पुढे वर्तमानपत्रांत आलं की बॉम्ब बॅगांमधून ठेवले गेले असावेत. दूरचित्रवाणीवर रोज तीच चर्चा. मी गोष्ट सांगताना कुणीतरी विचारलं असेल, “संशयास्पद कुणी दिसलं नाही का हो?” आधी “असेलही” म्हणालो असेन, मग “बहुतेक दिसला”, मग “दिसला”. दर सांगण्याला त्या माणसाला एक एक अवयव फुटत गेला.

गच्चीवरच्या गप्पांत याने कुणाचं बिघडत नाही. पण हाच माणूस न्यायालयात उभा राहिला तर?

आपल्या कायद्यात ओळखपरेडची पद्धत आहे. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांमध्ये उभं करून साक्षीदाराला ओळखायला सांगतात. ती शक्य तितक्या लवकर व्हावी, तोवर साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचा फोटो दिसू नये, अशी अपेक्षा असते. हे नियम आरोपीचे लाड म्हणून केलेले नाहीत. आठवण नासणारी वस्तू आहे हे ओळखून केलेले आहेत. ११ जुलैच्या खटल्यात उच्च न्यायालयाने नेमकं इथेच बोट ठेवलं. टॅक्सीचालक आणि इतर प्रत्यक्षदर्शी शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले. क्षणभर पाहिलेला चेहरा इतक्या दिवसांनी लक्षात राहावा असं त्यांच्याकडे काय कारण होतं, हा न्यायालयाचा प्रश्न होता. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकार नव्हता, असंही न्यायालयाने म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलै २०२५ ला हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश झाला. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं गेलं नाही.

मला कायद्यातलं फारसं कळत नाही. एवढं कळतं की बारा जणांची आयुष्याची १९ वर्षं गेली, त्यातला एक तर २०२१ मध्ये कैदेतच वारला. आणि ज्यांची माणसं त्या डब्यांतून परत आली नाहीत, त्यांना एवढ्या वर्षांनी पुन्हा त्याच प्रश्नाशी आणून सोडलं गेलं : मग हे केलं कुणी? चुकीच्या साक्षीने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

प्रत्यक्षदर्शीवर विश्वासच ठेवू नये असं मात्र मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ चं उदाहरण पाहा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा या छायाचित्रकाराने हल्लेखोर कसाबचे फोटो टिपले. पायाला गोळी लागलेल्या देविका रोटावन या लहान मुलीने पुढे न्यायालयात त्याला ओळखलं. तिथे डोळ्यांनी पाहिलेल्याला कॅमेऱ्याचा आधार होता, एक हल्लेखोर जिवंत हाती लागला होता. साक्ष एकटी उभी नव्हती. आठवणीला असा शेजार लागतो.

म्हणून एक विनंती. देव न करो, पण असा प्रसंग कधी डोळ्यांसमोर घडला, तर त्याच दिवशी, टीव्ही लावण्याआधी, जेवढं पाहिलं तेवढंच लिहून ठेवा. जिथे दिसलं नाही तिथे “दिसलं नाही” असं लिहा. आणि कुणी प्रत्यक्षदर्शी भेटला तर “अमुक पाहिलंत का” असं न विचारता “काय पाहिलंत” एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका.

परवा सोसायटीच्या गच्चीवर पुन्हा विषय निघाला. मी आवाजाबद्दल सांगितलं, चादरींबद्दल, पार्ल्यापर्यंत चालत आल्याबद्दल सांगितलं आणि थांबलो. एक जुने शेजारी म्हणाले, “अहो, आणि तो बॅगवाला?”

मी म्हणालो, “तो मी पाहिला नव्हता.”

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)