लोटस धावला, वेलांटी अडली

आंबिवली-मोहोने भागात लग्नपत्रिका छापायला द्यायची, तर मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोड या सार्वत्रिक प्रमाणात जातो. पण डीटीपीवाल्याकडचा जुना नमुना ‘श्री-लिपी’सारख्या फॉन्टमधला असेल आणि नव्या कम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं उमटतात. फाइल मात्र धडधाकट असते.

त्यामानाने जुनं सॉफ्टवेअर चालवणं सोपं. 64-बिट विंडोज डॉसचे 16-बिट प्रोग्रॅम चालवत नाही; मग ‘डॉसबॉक्स’ जुन्या कम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेतं आणि वर्डस्टारसारखा जुना लेखनाचा प्रोग्रॅम बिनबोभाट सुरू होतो. 2022मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या प्रोग्रॅमरने तर युनिक्ससाठीचा लोटस 1-2-3 हा जुना स्प्रेडशीट प्रोग्रॅम थेट लिनक्सवर चालवला. मूळ सोर्स कोड हाताशी नव्हता; जुन्या ऑब्जेक्ट फाइलींचा साचाच त्याने लिनक्सला कळेल असा बदलला.

मराठीचं दुखणं वेगळं. डॉसच्या काळात आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं आणि पुण्याच्या सीडॅकने वाढवलेलं ‘जिस्ट’ कार्ड कम्प्युटरमध्ये बसवलं, की पडद्यावर देवनागरी दिसे. ते कार्ड खोचायची खाचच आता मदरबोर्डवर नाही. तरी त्यावर टाइप केलेला मजकूर वाचवता येतो, कारण तो ‘इस्की’ या भारतीय प्रमाणात, उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असे. युनिकोडची देवनागरी त्याच आराखड्यावर बेतलेली आहे.

गंमत म्हणजे नंतरच्या विंडोज फॉन्टांनी जास्त घोळ घातला. एका फॉन्टात जेमतेम 256 जागा. त्यात सगळी जोडाक्षरं कुठून मावणार? म्हणून अक्षरांऐवजी त्यांचे तुकडे साठवले. ‘निर्णय’ साधारण असा: वेलांटी, न, अर्धा ण, दंड, रफार, य. युनिकोडला हवं न, वेलांटी, र, हलन्त, ण, य. म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकाने वेलांटी मागे न्यायची, रफार पुढे आणायचा. ‘स्थिती’त पहिली वेलांटी अख्ख्या ‘स्थ’वरून उडी मारते. शिवाय प्रत्येक कंपनीचा नकाशा निराळा. फाइल साध्या टेक्स्टमध्ये उतरवली आणि फॉन्टचं नाव गळालं, तर अमुक चिन्ह इंग्रजी अक्षर की मराठी तुकडा, हे यंत्राला कळायला मार्ग उरत नाही.

आठ ओळींच्या पत्रिकेसाठी एवढा खटाटोप कोण करणार? डीटीपीवाला ती पुन्हा टाइप करतो आणि त्याचं बरोबरच आहे. सोसायटीची वीस वर्षांची इतिवृत्तं असतील, तर आधी फॉन्टचं नाव लिहून ठेवावं, मगच फाइल हलवावी.