तोंपासु, हहपुवा आणि रच्याकने

मराठी आंतरजालावर एक छोटी, खेळकर बोली बरीच वर्षे नांदते आहे. पुरणपोळीच्या फोटोखाली कोणी ‘तोंपासु’ लिहितो, विनोदी लेखाखाली ‘हहपुवा’, नव्या लेखकाला ‘पुलेशु’. तोंडाला पाणी सुटले, हसून हसून पुरेवाट झाली, पुढील लेखनास शुभेच्छा, असे त्यांचे अर्थ. पाककृतीची ‘पाकृ’ होते, प्रत्यक्ष भेटायचे ठरले की ‘गटग’ होते, दुसरे नाव घेऊन वावरणारा जुनाच सभासद ‘डुआयडी’ ठरतो. लिहून पस्तावलेल्याच्या जागी ‘प्रकाटाआ’ एवढेच उरते: प्रतिसाद काढून टाकला आहे.

ही बोली मराठी संकेतस्थळांवर घडली. ‘मायबोली’ १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतून सुरू झाली. ‘मनोगत’ २००४ मध्ये आणि ‘मिसळपाव’ २००७ मध्ये आले. अमेरिकेतला अभियंता, पुण्यातली गृहिणी आणि आखातात नोकरी करणारा कोकणी माणूस तिथे एकाच पानावर बोलू लागले. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते आणि नावेही टोपणनावेच होती. चेहरा, पोशाख, आडनाव, गाव यांवरून माणूस ओळखण्याची सोय नाही म्हटल्यावर ‘आपला कोण’ हे ठरवायला शब्दच हाताशी होते. मायबोलीची ‘माबो’ झाली, मिसळपावचे ‘मिपा’, आणि तिथले रहिवासी ‘माबोकर’, ‘मिपाकर’. गावाच्या नावाला लागणारा ‘कर’ संकेतस्थळालाही लागला, यातच सगळे आले.

आद्याक्षरे जुळवण्याची सवय मात्र संगणकाच्या फार आधीची. पत्राची सुरुवात सा.न.वि.वि.ने आणि शेवट क.लो.अ.ने करणे हा पोस्टकार्डाच्या काळातला शिरस्ता होता. जालन्याच्या मोंढ्यापासून पुण्याच्या पेठांपर्यंत हिशोबाच्या कागदाखाली ‘चू.भू.दे.घे.’ लिहिण्याची रीत आहे. जालावर वादात आकडे किंवा सनावळी मांडणारा शेवटी ‘चूभूद्याघ्या’ लिहून मोकळा होतो, ते याच वळणावर. फरक टिंबांचा आहे. जुन्या संक्षेपात प्रत्येक अक्षरापुढे टिंब असे आणि वाचणारा मनातल्या मनात पूर्ण शब्द म्हणत असे. टिंबे गळाली आणि उरलेल्या अक्षरांचा शब्दच झाला. त्याला विभक्ती लागते, लिंग मिळते: गटगला कोण येणार, पाकृ फसली, वविचे फोटो टाका. ‘ववि’ म्हणजे मायबोलीकरांचा पावसाळी वर्षाविहार.

वेळ वाचवायला हे सुरू झाले, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवताना अनुस्वारासाठी वेगळे मोठे अक्षर दाबावे लागे, म्हणजे ‘तोंपासु’ टंकण्यापेक्षा ‘मस्त’ टंकणे केव्हाही सोपे. तरीही तोंपासु टिकले, कारण ‘मस्त’ कोणीही म्हणू शकतो.

या खेळाचा सर्वांत चतुर नमुना ‘रच्याकने’. इंग्रजीत विषयांतर करताना ‘बाय द वे’ म्हणतात. त्याचे मुद्दाम बावळट शब्दशः भाषांतर ‘रस्त्याच्या कडेने’, आणि त्याचा संक्षेप रच्याकने. हसू यायचे तर इंग्रजी वाक्प्रचार माहीत हवा, भाषांतर कुठे चुकवले आहे ते कळायला हवे आणि मंडळींत थोडे बसणे-उठणेही हवे. दोन भाषांत रोजचा वावर असलेल्या माणसांनीच असला विनोद करावा.

इंग्रजीत याच सुमारास मांजरांची भाषा बोकाळली. मांजराच्या फोटोवर त्याच्या तोंडी मोडक्या इंग्रजीतले वाक्य घालायचे, अशी ही गंमत. २००७ मध्ये ‘आय कॅन हॅझ चीझबर्गर’ या संकेतस्थळाने ती घरोघरी नेली. पाठोपाठ हौशी मंडळींनी बायबलही मांजरभाषेत उतरवायला घेतले. वरवर निव्वळ चुकांचा ढिगारा, पण कुठे चुकायचे याचे संकेत ठरलेले. लॉरेन गॉन आणि जिल व्हॉन या ऑस्ट्रेलियातल्या भाषाअभ्यासकांनी २०११ मध्ये या बोलीचा अभ्यास मांडला. भाषेशी खेळणे आणि गटाची ओळख घडवणे या दोन गोष्टी तिच्यात एकत्र नांदतात, अशी त्यांची मांडणी आहे. नीट चुकण्यासाठी आधी नीट इंग्रजी यावे लागते.

मराठी मंडळींनी चुकांची वाट फारशी धरली नाही. शुद्धलेखन हा मराठी संकेतस्थळांवर हमखास भांडणाचा विषय. मनोगतावर तर शुद्धिचिकित्सेची सोयच होती. जिथे ऱ्हस्व-दीर्घावरून चर्चा पेटते, तिथे मुद्दाम चुकीचे लिहिले तर विनोद म्हणून कोण घेणार? आद्याक्षरांत तो धोका नव्हता. त्यातही घराघराचे रिवाज वेगळे. मायबोलीवर अनुमोदन द्यायचे तर ‘मोदक’ दिला जाई. मिपावर लेख आवडून जपून ठेवला की ‘वाखुसा’, म्हणजे वाचनखूण साठवली. नवखा माणूस दोनतीन दिवस गोंधळतो, मग भीत भीत अर्थ विचारतो. त्याला कोणीतरी थोडी थट्टा करून अर्थ सांगतोच. मग काही दिवस तो प्रत्येक वाक्यात हेच शब्द पेरतो, आणि तेवढ्यावरूनही तो नवा असल्याचे जुन्यांना कळते.

दार पुरते बंद करणारी लेखनपद्धतीही मराठीला ठाऊक आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या या लिप्यांमुळे जुन्या मराठीतले मोलाचे गद्य पंथाबाहेरच्यांना शतकानुशतके वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. तिथे प्रश्न धर्मग्रंथ जपण्याचा होता. रच्याकनेची किल्ली मात्र मागितली की मिळते. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘च’ची बाराखडी घालून आणि ते अक्षर शेवटी नेऊन ‘तुला पाणी देऊ’चे ‘चुलात चाणीप चेऊद’ करणारी मुलांची चची भाषा या दोहोंच्या मधली: मोठ्यांपासून लपवायची आणि मैत्रिणीला शिकवायची.

गप्पा फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर सरकल्या, तशी संकेतस्थळांवरची वर्दळ पांगली. तोंपासु आता खाद्यपदार्थांच्या कुठल्याही फोटोखाली सापडते. लिहिणाऱ्याला माबो ठाऊक असेलच असे नाही. सगळ्यांच्या तोंडी गेलेला शब्द ओळखीची खूण म्हणून निकामी होतो. तरुण मुलांनी ती जागा बोलीला दिली आहे. मराठवाड्याच्या बोलीतले ‘काय करायलास’ आणि ‘लई’ शाळेच्या वहीत लाल शाईखाली जात. मीममध्ये आणि मित्रांच्या गटात ते जसे उच्चारावे तसे, ऐटीत लिहिले जातात. शिकायला पुण्यात आलेला जालन्याकडचा मुलगा वर्गात ‘करतोय’ म्हणतो आणि गावच्या मित्रांच्या गटात ‘करायलो’ लिहितो. हहपुवा आठवड्याभरात कोणालाही शिकता येते. ‘करायलो’ पुणेकर मित्राने लिहिले, तर गटातले बाकीचे त्याला नक्कल म्हणतात.