‘कोण जिंकणार?’ यापेक्षा मोठा प्रश्न

मुष्टियुद्धाचा मोठा सामना ठरला की शौकिनांत वादाला तोंड फुटते. एकाचा उजवा ठोसा भारी, दुसऱ्याचे पाय हलके; एकाकडे अनुभव, दुसऱ्याकडे तारुण्य. या वादात जो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही तो असा, की दोघांपैकी कोणाचा मेंदू आणखी मार सोसण्याच्या स्थितीत आहे? आजच्या लेखात या प्रश्नाचा विचार करू.

उदाहरण म्हणून २ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेत लास व्हेगास येथे झालेला महंमद अली आणि लॅरी होम्स यांचा सामना घेऊ. अली तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि निवृत्ती सोडून परतला होता. होम्स ३० वर्षांचा, ३५ लढतींत अपराजित आणि एके काळी अलीच्याच सरावातला जोडीदार होता. अलीचे चाहते म्हणत, ‘१९७४ साली फोरमनसमोरही तो हरणार असेच सारे म्हणत होते, पण जिंकला ना? १९७८ साली स्पिंक्सकडून हरला, आणि त्याच वर्षी त्याला हरवून तिसऱ्यांदा जगज्जेता झाला ना?’ त्यातच अलीने बरेच वजन उतरवले होते, पांढरे होऊ लागलेले केस काळे केले होते. त्याचे छायाचित्र पाहून अनेकांना जुना अली परत आल्यासारखे वाटले.

वैद्यकीय चित्र मात्र वेगळे होते. त्याचे जुने डॉक्टर फर्डी पाचेको यांनी, अलीने आता थांबावे असे बजावून १९७७ सालीच त्याची साथ सोडली होती. सामन्यापूर्वी मेयो क्लिनिकमध्ये अलीची तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई नाही, बोट नाकाला लावताना किंचित चूक होते, अशा बारीक नोंदी तीत होत्या. तरीही परवाना मिळाला. अली थायरॉईडच्या गोळ्याही घेत होता. या गोळ्या गरजेपेक्षा जास्त झाल्या तर वजन उतरते खरे, पण स्नायूंची शक्ती कमी होते, नाडी जलद चालते आणि उकाडा सोसत नाही. म्हणजे चाहत्यांना जी तयारी वाटली, ती प्रत्यक्षात अशक्तपणाची खूण असू शकत होती. बारीक होणे आणि तंदुरुस्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपणही ध्यानात ठेवावे.

सामन्यात तिन्ही परीक्षकांनी अलीला एकही फेरी दिली नाही. दहाव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. १९८४ साली अलीला कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. हा आजार ठोशांमुळेच झाला असे एका रुग्णाबाबत खात्रीने सांगता येत नाही. मात्र डोक्याला वारंवार मार बसल्याने अशा विकारांचा धोका वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते.

ठोशाने नेमके काय होते?

मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत द्रवात तरंगतो. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते, पण आतला मेंदू क्षणभर मागे राहतो. दही लावलेले पातेले झटक्याने फिरवले तर दही जसे मोडते, तसा प्रकार येथे होतो. मेंदूतले बारीक चेतातंतू ताणले जातात. ‘नॉकआऊट’ म्हणजे मेंदूचे काम काही काळ विस्कळीत होणे. कधी कवटीखालची शीर फाटून रक्त साचते आणि मेंदू दाबला जातो. १९८२ साली कोरियाचा डुक कू किम रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर अशाच रक्तस्रावाने दगावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती १५ ऐवजी १२ फेऱ्यांच्या करण्याकडे पावले पडली.

दुसरा धोका हळूहळू येतो. १९२८ साली अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांतील या विकाराचे वर्णन केले. अडखळती चाल, जड जीभ, मंद हालचाली आणि पुढे स्मृतिभ्रंश ही त्याची लक्षणे. बेशुद्ध न करणारे ठोसेही यात जमा होत जातात, आणि सरावातला मारही त्यात धरावा लागतो. जाड हातमोजे मुख्यतः मारणाऱ्याची बोटे वाचवतात. शिरस्त्राणाने जखमा कमी होतात, पण मेंदूचे फिरणे थांबत नाही.

आपल्यासाठी काय?

हे सारे फक्त मुष्टियुद्धापुरते नाही. कबड्डीत डोके आपटणे, क्रिकेटचा चेंडू लागणे किंवा दुचाकीवरून पडणे यांतही मेंदूला असाच धक्का बसू शकतो. तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) मार लागल्यावर गोंधळणे, तेच तेच विचारणे, चक्कर, मळमळ किंवा अंधारी आल्यास त्या दिवशी खेळ बंद. ‘काही झाले नाही, खेळतो’ हे त्या मुलाचे म्हणणे ऐकू नये.

२) डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलटी, गुंगी, झटके, हातपाय लुळे पडणे, बोबडे बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. ही लक्षणे काही तासांनीही येतात, म्हणून पहिल्या रात्री रुग्णाला एकटे ठेवू नये.

३) बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. मान शक्यतो हलवू नये.

४) पुन्हा खेळायला सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि टप्प्याटप्प्याने करावी. पहिला धक्का भरून येण्याआधी बसलेला दुसरा धक्का जास्त घातक ठरतो.

सामन्याचा आनंद अवश्य घ्यावा, पैजेवाचून वादही घालावा. पण आवडता खेळाडू थकला असता त्याच्या बाजूच्या माणसाने लढत थांबवली, तर त्याला भित्रा म्हणू नये. त्या रात्री डंडी यांनी पराभव पत्करून अलीला आणखी पाच फेऱ्यांच्या मारापासून वाचवले.