सकलातवाला, शापूरजी दोराबजी

(२८ मार्च १८७४–१६ जानेवारी १९३६). ब्रिटिश संसदेचे एक डाव्या विचारसरणीचे सभासद व भारतीय स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते. मुंबई येथे एका पारशी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांची आई जेरबाई ही प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांची बहीण. त्यांचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स विद्यालयात व महाविद्यालयात झाले. मुंबईतील प्लेगच्या साथीत त्यांनी लसीचे संशोधक हाफकिन यांच्याबरोबर काम केले. पुढे टाटांच्या नियोजित पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज व कोळसा यांचा शोध घेत ते पूर्व भारतातील जंगलांतून हिंडले. या भटकंतीत हिवतापाने प्रकृती ढासळली, तेव्हा १९०५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. तेथे टाटांच्या मँचेस्टर येथील कचेरीचे काम त्यांच्याकडे होते. १९०७ मध्ये त्यांनी सॅरा मार्श या श्रमिक कुटुंबातील इंग्रज तरुणीशी विवाह केला.

लंडनमधील उदारमतवादी वर्तुळांशी त्यांचा काही काळ संबंध आला. परंतु भारतविषयक धोरणाबाबत त्यांचा लवकरच भ्रमनिरास झाला. १९०९ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद झाले. रशियन क्रांतीने ते भारावून गेले. स्वतंत्र मजूर पक्षाने तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न व्हावे, या त्यांच्या प्रयत्नांना यश आले नाही, तेव्हा १९२१ मध्ये त्यांनी पक्ष सोडून ग्रेट ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला.

दक्षिण लंडनमधील बॅटर्सी हा कामगारवस्तीचा भाग जहाल राजकारणासाठी प्रसिद्ध होता. जॉन आर्चर या कृष्णवर्णी नागरिकास १९१३ मध्येच तेथील महापौरपद मिळाले होते आणि तेच सकलातवालांचे निवडणूक-प्रतिनिधी झाले. १९२२ च्या निवडणुकीत उत्तर बॅटर्सी मतदारसंघातून ते कम्युनिस्ट असूनही मजूर पक्षाच्या अधिकृत पाठिंब्याने ११,३११ मते मिळवून निवडून आले. दादाभाई नवरोजी (१८९२) व मंचेरजी भावनगरी (१८९५) यांच्यानंतर हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेलेले ते तिसरे भारतीय. तिघेही पारशी व मुंबईशी निगडित; मात्र पहिले उदारमतवादी, दुसरे हुजूर पक्षाचे व तिसरे कम्युनिस्ट होते. १९२३ मध्ये अवघ्या १८६ मतांनी त्यांचा पराभव झाला. मजूर पक्षाने कम्युनिस्टांना आपली उमेदवारी बंद केल्यावर १९२४ मध्ये ते उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले, परंतु स्थानिक मजूर कार्यकर्त्यांनी त्यांची साथ सोडली नाही. सु. ५४० मताधिक्याने ते विजयी झाले. १९२४–२९ या काळात सभागृहात ते एकमेव कम्युनिस्ट सभासद होते.

सकलातवालांच्या भाषणांतील मुख्य सूत्र साधे होते. साम्राज्यामुळे ब्रिटिश कामगाराचा लाभ होतो, ही समजूत त्यांनी अमान्य केली. भारतातील ताग व कापड गिरण्यांत अल्प वेतनावर राबणारा मजूर हाच डंडी व लँकाशरमधील कामगाराच्या वेतनावर येणारे संकट आहे. म्हणून भारतीय कामगारांची संघटना उभारणे ही दया नसून ब्रिटिश कामगारांची स्वतःची गरज आहे, असे ते आग्रहाने मांडीत. भारतीय कामगारांच्या हितासाठी स्थापन झालेल्या वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया (१९१७) या संस्थेचे ते एक प्रवर्तक होते. आयर्लंडच्या प्रश्नावरही त्यांनी बहुमताविरुद्ध भूमिका घेतली. हे सर्व मांडणारा सभासद स्वतः टाटांचा नोकर होता, ही विसंगती विरोधकांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १९२५ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला.

१९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या आरंभी, १ मे रोजी हाइड पार्कमधील सभेत, संपकऱ्यांवर गोळ्या झाडू नयेत असे आवाहन त्यांनी सैनिकांना केले. त्यांना अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी दिल्यास सुटका शक्य होती. ती देण्याचे नाकारून त्यांनी दोन महिन्यांचा कारावास पत्करला.

जानेवारी १९२७ मध्ये ते भारतात आले. ठिकठिकाणी त्यांच्या सभा झाल्या; दिल्ली येथे भरलेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनासही ते उपस्थित होते. महात्मा गांधींना लिहिलेल्या अनावृत पत्रात त्यांनी खादीच्या चळवळीवर आणि गांधींभोवती जमलेल्या महात्मेपणाच्या वलयावर टीका केली व कामगार-शेतकऱ्यांच्या संघटनेकडे वळण्याची त्यांना विनंती केली. गांधींनी यंग इंडियातून सौम्य शब्दांत, पण आपला मार्ग न सोडता उत्तर दिले. या वादात यंत्रयुगाविषयीची दोघांची दृष्टीच भिन्न होती. तडजोडीस फारसा वाव नव्हता. या दौऱ्यानंतर ब्रिटिश सरकारने त्यांना भारतात जाण्यास बंदी केली. ती अखेरपर्यंत उठली नाही.

स्वपक्षाशीही त्यांचे सदैव जमले असे नाही. १९२७ मध्ये आपल्या पाचही मुलांचा नवज्योत विधी त्यांनी लंडनमध्ये केला, तेव्हा पक्षाने त्यांचा जाहीर निषेध केला. मात्र मजूर पक्षाला शत्रू मानण्याचे कम्युनिस्टांचे कठोर धोरण त्यांनी मनापासून स्वीकारले आणि त्याची किंमतही दिली. १९२९ मध्ये मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध स्टीव्हन सँडर्स यांना उभे केले. या वेळी आर्चर हे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला होते. सकलातवालांचा दारुण पराभव झाला. ग्लासगोमधील शेटल्स्टन येथील पोटनिवडणूक (१९३०) व बॅटर्सीतील १९३१ ची निवडणूकही ते हरले. तथापि सभा, दौरे व मीरत कटाच्या खटल्यातील कैद्यांच्या सुटकेसाठीची चळवळ हे कार्य चालूच राहिले. १९३४ मध्ये त्यांनी सोव्हिएट रशियाचा दौरा केला.

लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे अवशेष ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत आहेत. त्याच वर्षी सुरू झालेल्या स्पॅनिश यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढण्यास गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या पलटणीस प्रारंभी त्यांचे नाव देण्यात आले होते. व्यवहारात मात्र ते रूढ झाले नाही.